कर्णफुलीच्या बुडीत क्षेत्रातून नेफापर्यंत: चकमांच्या सक्तीच्या स्थलांतराचा प्रकरण अभ्यास

1964 साली पूर्व पाकिस्तानातील चितगावच्या डोंगराळ प्रदेशातून चकमा या बौद्ध जमातीचे सुमारे 40 हजार लोक सीमा ओलांडून भारतात आले. आणखी काही हजार ब्रह्मदेशातील आराकानकडे गेले. कर्णफुली नदीवरील ज्या कप्ताई धरणामुळे त्यांच्या जमिनी बुडाल्या, ते धरण मात्र 1962 मध्येच पूर्ण झाले होते. जमीन जाणे आणि देश सोडणे यांच्यातील हे दीड-दोन वर्षांचे अंतर या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे आहे. धरणाच्या पाण्याने माणसे दऱ्यांतून उठवली, हे उघड आहे. पण ती आपल्याच डोंगरांत वर सरकून का राहिली नाहीत, आणि साठ वर्षे उलटल्यानंतरही त्यांच्यापैकी अनेकांचे स्थलांतर पूर्ण झाले असे का म्हणता येत नाही, याचे उत्तर एकट्या धरणात सापडत नाही.

सक्तीचे स्थलांतर म्हणजे ज्यात जाण्याचा निर्णय जाणाऱ्याच्या हाती नसतो, किंवा केवळ नावापुरता असतो, असे स्थलांतर. युद्ध, वांशिक वा धार्मिक छळ, नैसर्गिक आपत्ती आणि मोठे प्रकल्प ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे. कायदा मात्र या सगळ्या माणसांना एका नजरेने पाहत नाही. 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाच कारणांवरून छळ होण्याची सकारण भीती असलेला आणि स्वदेशाबाहेर असलेला माणूस निर्वासित ठरतो. धरणात शेत गेलेला शेतकरी या पाचांपैकी कशातच आपोआप बसत नाही. देशांतर्गत विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी 1998 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे मांडली, त्यांत सशस्त्र संघर्ष आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाबरोबरच नैसर्गिक व मानवनिर्मित आपत्तींचाही समावेश आहे, आणि सार्वजनिक हिताची अनिवार्य गरज नसताना मोठ्या प्रकल्पांसाठी लोकांना उठवण्यास त्यांत मनाई केलेली आहे; परंतु ही तत्त्वे सीमा न ओलांडलेल्या माणसांपुरती आहेत. चकमांना 1964 मध्ये ती उपलब्ध असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि असती तरी सीमा ओलांडताच ती गळून पडली असती.

म्हणून या प्रकरणाकडे पाहताना मी एक वेगळी कसोटी लावतो. माणूस निघाला त्या क्षणी त्याच्यावर कोणी बळ वापरले का, एवढे विचारून भागत नाही. तो मागे राहिला असता तर कशावर जगला असता, आणि जगण्याचे ते मार्ग कोणी, कोणत्या क्रमाने बंद केले, हे विचारावे लागते. चकमांच्या बाबतीत हा क्रम बऱ्याच स्पष्टपणे मांडता येतो.

धरणापूर्वीचा प्रदेश

चितगावचा डोंगराळ प्रदेश बंगालच्या सपाट मैदानाच्या आग्नेयेस, आजच्या मिझोराम आणि त्रिपुरा यांच्या शेजारी आहे. चकमा, मारमा, त्रिपुरा, म्रो अशा अकराएक जमाती तिथे राहतात. त्यांत चकमांची संख्या सर्वांत मोठी असून ते थेरवादी बौद्ध आहेत. डोंगरउतारावर जंगल कापून, जाळून, एक-दोन हंगाम पीक घेऊन ती जागा अनेक वर्षे पडीक ठेवायची, ही झूम म्हणजे फिरती शेती तिथली जुनी पद्धत. कर्णफुली आणि तिला मिळणाऱ्या कासालोंग, चेंगी, मायनी या नद्यांच्या दऱ्यांमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चकमा नांगरटीची भातशेती करू लागले होते. डोंगराळ मुलखात अशी सपाट, सुपीक जमीन थोडीच असते, आणि जी होती तिच्यावर समाजातील स्थिर, तुलनेने सुस्थितीतील वर्ग उभा राहिला होता.

या प्रदेशाला ब्रिटिशांनी 1900 च्या विनियमाने वेगळा दर्जा दिला. बाहेरच्या लोकांनी येऊन स्थायिक होण्यावर आणि जमीन घेण्यावर त्यामुळे निर्बंध आले. मात्र या विनियमाची एक दुसरी बाजूही होती. जमिनीची अंतिम मालकी सरकारकडे राहिली, आणि झूम करणाऱ्या कुटुंबाला आपल्या उतारावर नोंदलेला हक्क मिळाला नाही. बाहेरच्या माणसांपासून संरक्षण होते, पण सरकारपासून काहीच नव्हते. प्रकल्प सरकारचाच असल्यामुळे पुढे हीच उणीव निर्णायक ठरली.

1947 मध्ये या प्रदेशातील 97 टक्क्यांहून अधिक लोक मुस्लिमेतर होते. तरीही भारत-पाकिस्तान सीमा आखणाऱ्या, 17 ऑगस्टला जाहीर झालेल्या रॅडक्लिफ निवाड्याने तो पाकिस्तानला दिला. त्याच्या दोन दिवस आधी रांगामाटी येथे चकमांच्या एका गटाने भारताचा तिरंगा फडकवला होता. तो ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पाकिस्तानी सैन्याने उतरवला. या घटनेचा नंतरच्या स्थलांतराशी सरळ कार्यकारणसंबंध जोडणे मला धाडसाचे वाटते. पण नव्या राज्यसंस्थेच्या मनात या लोकांच्या निष्ठेविषयी संशय आणि या लोकांच्या मनात त्या राज्यसंस्थेविषयी अविश्वास, या दोन्ही गोष्टींची सुरुवात इथे होते, आणि धरणाचा निर्णय होताना ज्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची गरज कोणाला वाटली नाही ते लोक कोण होते, हे समजून घ्यायला तिचा उपयोग होतो.

बुडीत क्षेत्राचा हिशेब

कप्ताई येथे कर्णफुलीवर मातीचा बांध घालण्याचे काम 1957 च्या सुमारास सुरू झाले आणि 1962 मध्ये पूर्ण झाले. अमेरिकेच्या आर्थिक साहाय्याने उभारलेल्या या धरणामागे सुमारे 655 चौरस किलोमीटरचा जलाशय तयार झाला. त्यात 54 हजार एकर शेतजमीन गेली, आणि ती या संपूर्ण प्रदेशातील लागवडीयोग्य जमिनीच्या सुमारे 40 टक्के होती. सुमारे 18 हजार कुटुंबे, म्हणजे एक लाखाच्या आसपास माणसे विस्थापित झाली. त्यांतील बहुसंख्य चकमा होते. जुने रांगामाटी शहर आणि चकमा राजाचा वाडाही पाण्याखाली गेला. धरणाची वीज, जिची क्षमता पुढे वाढत जाऊन 230 मेगावॅटपर्यंत पोहोचली, ती मुख्यतः मैदानातील शहरांना आणि उद्योगांना मिळाली.

या आकड्यांतील 40 टक्के हा आकडा माझ्या मते एक लाखाच्या आकड्याहून अधिक बोलका आहे. विस्थापितांची संख्या मोठी असली तरी आसपास जमीन मुबलक असेल तर पुनर्वसन निदान शक्य कोटीतले असते. इथे बुडालेली जमीन हीच त्या मुलखातील उत्तम जमीन होती, आणि तितकी दुसरी जमीन डोंगरात अस्तित्वातच नव्हती. कासालोंगच्या राखीव जंगलाचा काही भाग मोकळा करून तिथे कुटुंबे वसवण्यात आली. परंतु ही जमीन बुडालेल्या क्षेत्राच्या मानाने अपुरी ठरली, आणि जलाशय पूर्ण भरल्यावर पुनर्वसितांपैकी काहींच्या नव्या जमिनीतही पाणी शिरले. एका प्रकल्पाने एकाच कुटुंबाला दोनदा उठवले.

भरपाईचा प्रश्न याहून कठीण होता. ज्यांच्या नावे नांगरटीच्या जमिनीची नोंद होती त्यांना काही ना काही मागता येत होते. विस्थापितांपैकी हजारो कुटुंबे झूम करणारी होती. त्यांचा उतार, त्यांचे पडीक ठेवलेले जंगल, त्यांची बांबूची बने सरकारी दप्तरात त्यांची नव्हतीच. त्यामुळे त्यांचे काही गेले असे दप्तराला दिसलेही नाही. प्रकल्पग्रस्तांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. मोजणीत न आलेल्या माणसाचे नुकसान हे नुकसान ठरत नाही, आणि त्यामुळे प्रकल्पाचा खर्च कागदावर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

जे डोंगरातच राहिले त्यांचे काय झाले, हे पाहिले तर निघून गेलेल्यांचा निर्णय अधिक समजतो. दऱ्यांतील शेतकरी वर सरकून झूम करू लागले, आणि तेवढ्याच उतारांवर आता अधिक माणसांचा भार पडू लागला. जमीन पूर्वी जितकी वर्षे पडीक ठेवता येत असे तितकी आता ठेवता येईना. पडीक काळ घटला तसा मातीचा कस आणि उत्पन्नही घटले. काही कुटुंबे जलाशयाची पातळी उतरल्यावर काठावर उघडी पडणारी जमीन कसू लागली, पण कापणीपूर्वी पाणी चढले तर हाती काही लागत नसे. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे विजेच्या गरजेवर ठरत होते, पिकावर नव्हे.

1964: दुसरा दाब

जमीन गेल्यानंतरही एक गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे 1900 च्या विनियमाने दिलेला वेगळा दर्जा. पाकिस्तानच्या 1962 च्या राज्यघटनेने त्याचे स्वरूप पातळ केले आणि 1964 च्या सुरुवातीला घटनादुरुस्तीने प्रदेशाचा विशेष दर्जा संपुष्टात आला. बाहेरच्यांना डोंगरात स्थायिक होण्यास अडवणारा बांध अशा रीतीने नेमका त्या वेळी कमकुवत झाला, जेव्हा आतल्या लोकांनाच जमीन पुरत नव्हती.

त्याच महिन्यांत पूर्व पाकिस्तानात जातीय हिंसाचार उसळला. डिसेंबर 1963 च्या अखेरीस काश्मीरमधील हजरतबल दर्ग्यातून पवित्र अवशेष नाहीसा झाल्यानंतर खुलना, ढाका आणि अन्य भागांत अल्पसंख्याकांवर हल्ले झाले, तर सीमेपलीकडे कलकत्त्यात मुस्लिमांवर झाले. मैमनसिंगच्या उत्तरेकडून गारो आणि हाजोंग या जमातींचे लोक हजारोंच्या संख्येने आसामात आले. चकमांच्या डोंगरात दंगलीची तीव्रता मैदानासारखी होती असे म्हणता येणार नाही. पण अल्पसंख्य समाजाला दूरच्या दंगलीची बातमी स्वतःच्या भविष्याची सूचना वाटते, आणि ज्याच्या हातात जमीनही उरलेली नाही त्याला ती अधिकच वाटते.

चकमांच्या देशांतराचे कारण धरण होते की धार्मिक असुरक्षितता, असा वाद पुढे न्यायालयांत, विधिमंडळांत आणि वृत्तपत्रांत वारंवार घातला गेला. हा वाद निव्वळ अभ्यासकांचा नाही. कारण धरण ठरले तर हे लोक प्रकल्पग्रस्त, म्हणजे पाकिस्तानची आणि नंतर बांगलादेशाची जबाबदारी. कारण छळ ठरले तर निर्वासित, म्हणजे आश्रय देणाऱ्याची. माझ्या मते हा पर्यायच चुकीचा मांडला गेला आहे. धरणाने राहण्याचे साधन काढून घेतले, घटनादुरुस्तीने राहण्याची हमी काढून घेतली आणि हिंसाचाराने वाट पाहण्याचा धीर काढून घेतला. या तिन्हींपैकी एखादी गोष्ट घडली नसती तर यांतील अनेक कुटुंबे कदाचित थांबली असती. सक्ती एकाच हुकुमात असावी लागते असे नाही. अनेक निर्णयांच्या बेरजेतूनही ती तयार होते, आणि त्या प्रत्येक निर्णयामागचा अधिकारी आपण कोणालाही हाकलले नाही असे प्रामाणिकपणे म्हणू शकतो.

आश्रय आणि पुन्हा एक स्थलांतर

चकमा प्रथम आले ते त्रिपुरात आणि आसामच्या तेव्हाच्या मिझो जिल्ह्यात. तिथे आधीपासून राहणारे चकमाही होते. आसामने इतक्या लोकांना सामावून घेण्यास असमर्थता दाखवली. 10 एप्रिल 1964 रोजी आसामचे राज्यपाल विष्णू सहाय यांनी मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा यांना पत्र लिहिले. मिझो आणि चकमा यांच्यात कलह होण्याची भीती व्यक्त करून, ईशान्य सीमा प्रदेशाच्या म्हणजे नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) तिराप विभागात मोकळी जमीन सहज मिळेल आणि तिथे पाठवायला हे लोक योग्य आहेत, असे त्यांनी त्यात सुचवले. त्यानुसार 1964 ते 1969 या काळात सुमारे 15 हजार चकमा आणि हाजोंग तिराप, लोहित आणि सुबनसिरी या जिल्ह्यांत वसवले गेले. चीनशी झालेल्या 1962 च्या युद्धाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती, आणि विरळ वस्तीच्या सीमाभागात माणसे असावीत हा विचारही या निर्णयामागे असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

मोकळी जमीन ही कल्पना या सगळ्या प्रकरणात दोनदा येते आणि दोन्ही वेळा ती सत्तेच्या नजरेतून आलेली आहे. कर्णफुलीच्या खोऱ्यातील झूमचे उतार पाकिस्तान सरकारला मोकळे दिसले; तिरापमधील सिंगफो, तांगसा आणि खामती यांच्या वहिवाटीची जंगले भारत सरकारला मोकळी दिसली. नेफाचा कारभार तेव्हा केंद्राच्या वतीने आसामचे राज्यपाल पाहत असत आणि तिथे निवडून आलेले विधिमंडळ नव्हते. स्थानिक जमातींशी विचारविनिमय करून जमिनी दिल्या, असे सरकारी बाजूने सांगितले गेले. स्थानिक संघटना मात्र आपली संमती कधीच घेतली गेली नाही असे आजतागायत म्हणत आल्या आहेत. संख्येने लहान असलेल्या या जमातींना आपण आपल्याच मुलखात अल्पसंख्य होऊ ही जी भीती वाटते, तिला मी खोटी म्हणणार नाही. 1873 च्या विनियमानुसार या प्रदेशात जाण्यास भारतीय नागरिकालाही परवाना लागतो. अशा प्रदेशात हजारो माणसे बाहेरून आणून वसवताना त्या संरक्षणाचा विचार आधी व्हायला हवा होता.

एकाच सीमेवरून, एकाच कारणसाखळीने आलेल्या कुटुंबांच्या वाट्याला यानंतर वेगवेगळे भवितव्य आले. त्रिपुरा आणि मिझो जिल्ह्यात राहिलेले बहुतेक जण कालांतराने नागरिक झाले. त्या दोन्ही राज्यांत चकमा अनुसूचित जमातींत मोडतात, आणि मिझोरामच्या नैर्ऋत्य भागात 1972 मध्ये चकमांची स्वायत्त जिल्हा परिषदही स्थापन झाली. नेफात पाठवलेले मात्र अधांतरी राहिले. कोणत्या कुटुंबाला कुठे पाठवायचे हे त्या कुटुंबाने ठरवले नव्हते. म्हणून 1964 ते 1969 मधील हा प्रवासही सक्तीच्या स्थलांतरातच धरला पाहिजे, जरी तो पुनर्वसन या नावाने झाला असला तरी.

न्यायालयात

1972 मध्ये नेफा अरुणाचल प्रदेश या नावाने केंद्रशासित प्रदेश झाला आणि 1987 मध्ये राज्य. स्थानिक राजकारणाला स्वतःचा आवाज मिळाला तसा चकमा-हाजोंगांना राज्याबाहेर काढावे ही मागणी तीव्र झाली. 1980 च्या दशकापासून नोकऱ्या, व्यापार परवाने आणि पुढे शिधापत्रिका अशा सवलती एकामागून एक बंद होत गेल्या. 1990 च्या दशकाच्या मध्यास राज्यातील विद्यार्थी संघटनेने त्यांना राज्य सोडण्यासाठी मुदती दिल्या. जगण्याची साधने एकेक करून काढून घेण्याचा जो क्रम कर्णफुलीच्या खोऱ्यात दिसला, तोच इथे वेगळ्या हातांनी पुन्हा सुरू झाला होता.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. 9 जानेवारी 1996 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 चे, म्हणजे जीविताचे आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचे, संरक्षण नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाला आहे. या लोकांना बळजबरीने हुसकू पाहणाऱ्यांपासून त्यांचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे. आणि त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज जिल्हा प्रशासनाने अडवून न ठेवता केंद्राकडे पाठवले पाहिजेत. त्यापूर्वीच्या, 1993 मधील एका निकालात याच न्यायालयाने अरुणाचलातील चकमांच्या एका गटाचा नागरिकत्वाचा दावा फेटाळला होता, हे लक्षात घेतले तर 1996 च्या निकालाचे महत्त्व कळते. तो नागरिकत्व देत नाही, पण नागरिकत्व नसलेल्या माणसाला माणूस म्हणून उभे राहायला जागा देतो. भारताने 1951 च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही, त्यामुळे हा निकाल आजही अशा खटल्यांत आधार म्हणून पुढे ठेवला जातो.

अर्ज मात्र पुढे सरकले नाहीत. 17 सप्टेंबर 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पात्र चकमा आणि हाजोंगांना तीन महिन्यांत नागरिकत्व देण्याची कार्यवाही पूर्ण करण्याचा आदेश दिला. राज्याचा विरोध कायम राहिला. 2017 मध्ये केंद्राने स्थानिकांच्या हक्कांना धक्का न लावता मार्ग काढण्याची भूमिका घेतली. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बांगलादेशातून आलेल्या बौद्धांचा उल्लेख असला तरी परवाना लागणारे प्रदेश त्यातून वगळलेले असल्याने अरुणाचलात वसलेल्यांना त्याचा उपयोग नाही. ऑगस्ट 2021 मध्ये मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी चकमांना राज्याबाहेर हलवण्याची भाषा केली, आणि प्रकरण पुन्हा मानवी हक्क आयोगापुढे गेले.

2011 च्या जनगणनेत अरुणाचलातील चकमांची संख्या 47 हजारांच्या आसपास नोंदली गेली. त्यांतील बहुसंख्य लोक 1964 नंतर भारतातच जन्मलेले आहेत. 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते, आईवडील कोणीही असोत. म्हणजे या समाजातील मोठ्या गटाला अर्ज करण्याची गरजच नाही. त्यांना हवी आहे ती मतदारयादीत नोंद, आणि ती मिळवण्यासाठी रहिवासाचा पुरावा. 1987 नंतर जन्मलेल्यांचे नागरिकत्व आईवडिलांपैकी एकाच्या नागरिकत्वावर अवलंबून आहे, आणि 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्यांसाठी अट त्याहून कडक आहे. त्यामुळे आजीआजोबांचा अर्ज जितकी वर्षे पडून राहतो आणि आईवडिलांची नोंद जितकी लांबते, तितका नातवंडांचा दावा सिद्ध करणे अवघड होत जाते. धरण, दंगल किंवा सीमा यांपैकी काहीही न पाहिलेल्या या मुलांपुढे सक्तीच्या स्थलांतराचा प्रश्न आता शाळेच्या, शिष्यवृत्तीच्या आणि नोकरीच्या अर्जातील रहिवासाच्या रकान्यात उभा राहतो, आणि तो रकाना भरण्याचा अधिकार अजूनही जिल्हा प्रशासनाच्या हातात आहे.